टायमिंग वाढवलं, पिनियन तेच ठेवलं

रिमोट कंट्रोल (आरसी) रेसिंग गाडीच्या ब्रशलेस मोटरची एंडबेल (मागचं फिरवता येणारं झाकण) फिरवून टायमिंग (गुंडाळीला करंट किती आधी मिळतो ते) वाढवायचं, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) तेच ठेवायचं आणि तीन मिनिटांत मोटरला हात लावता येईना झाला की मोटरलाच नावं ठेवायची. 17.5 टीच्या (टी म्हणजे गुंडाळीचे वेढे) स्टॉक रेसिंगमध्ये, म्हणजे ठरावीक मोटरच्या वर्गात, सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. टायमिंग आणि गिअर रेशो या दोन स्वतंत्र सेटिंग्ज नाहीतच. एक हलवली की दुसरी हलवावीच लागते.

गुंडाळीला इंडक्टन्स असतो, त्यामुळे व्होल्टेज मिळाल्या मिळाल्या करंट पूर्ण चढत नाही. आरपीएम जितका जास्त, तितका हा उशीर नडतो. म्हणून करंट थोडा आधीच सुरू करायचा, आणि त्यासाठी एंडबेलमधला सेन्सर बोर्ड स्टेटरच्या (गुंडाळी असलेल्या स्थिर भागाच्या) तुलनेत फिरवायचा. यातून वरचा वेग वाढतो, पण दर अँपिअरमागे मिळणारा टॉर्क घटतो आणि उष्णता वाढते. स्टॉकच्या ब्लिंकी मोडमध्ये ईएससीचं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं) स्वतःचं टायमिंग शून्य असतं, त्यामुळे सगळी मदार एंडबेलवर. मॉडिफाइड, म्हणजे कमी वेढ्यांच्या वेगवान मोटरच्या वर्गाचं गणित वेगळं. तिथे 4.5 किंवा 5.5 टीच्या मोटरला बूस्ट आणि टर्बो (गाडी पळताना वाढवलं जाणारं टायमिंग) ईएससीतून मिळतात, म्हणून एंडबेल कमीवरच ठेवलेली बरी.

एंडबेलवर छापलेल्या अंशांवर फार विसंबू नका. एकाच मॉडेलच्या दोन मोटरी एकाच खुणेवर लावल्या तरी खरं टायमिंग काही अंशांनी वेगळं निघतं, कारण सेन्सर बोर्ड बसवतानाच थोडा इकडेतिकडे होतो. मोटर अ‍ॅनालायझर असेल तर पिनियन काढून, दर वेळी त्याच व्होल्टेजवर, 2-2 अंशांनी टायमिंग वाढवत केव्ही (दर व्होल्टमागे आरपीएम) आणि नो-लोड (भार नसतानाचे) अँपिअर लिहून काढा. सुरुवातीला दोन्ही आकडे हळूहळू चढतात. मग एक टप्पा असा येतो की अँपिअर उडी मारतात आणि केव्ही जेमतेम हलतो. त्या टप्प्याच्या एक पाऊल मागे थांबायचं. मोटर थंड असताना एक आणि तापल्यावर दुसरं माप घेऊन तुलना केली, तर सगळी मेहनत वाया.

आता गिअरिंग. एफडीआर (चाकाच्या एका फेरीमागे मोटरच्या फेऱ्या) म्हणजे स्परचे (पिनियनने फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गाडीचा अंतर्गत रेशो (स्परपासून चाकापर्यंतचा). स्पर 96, पिनियन 46 आणि अंतर्गत रेशो 1.9 धरला तर एफडीआर 3.97 येतो. पिनियन 47 केलं की 3.88. एका दातात जवळपास दोन टक्के फरक पडतो, म्हणून एका वेळी एकच दात बदलायचा. ट्रॅकचा सरळ पट्टा अर्धा संपायच्या आतच मोटर ओरडत राहिली आणि वेग वाढेनासा झाला, तर पिनियन एक दात मोठं करा. वळणातून बाहेर पडताना गाडी सुस्त, पण पट्ट्याच्या टोकाला जोरात, असं असेल तर एक दात लहान. टायमिंग 3-4 अंशांनी वाढवलं की आधी एक दात लहान करूनच ट्रॅकवर उतरा. तापमान परवानगी देईल तर परत मोठं करता येतं. फोम टायर झिजून व्यास घटला की रेशो न बदलताही गाडीचं गिअरिंग बदलतं, तिथे हिशेब रोलआउटने (मोटरच्या एका फेरीत गाडी किती पुढे जाते त्याने) ठेवावा.

निवाडा तापमानाचा, आणि अर्थातच लॅप टाइमचा. पट्ट्यावरचा वेग डोळ्यांना फसवतो. दोन-तीन मिनिटं पळवून गाडी थांबताक्षणी मोजा, कारण थांबल्यावर आतली उष्णता बाहेर येते आणि कॅनचं (मोटरच्या बाहेरच्या डब्याचं) तापमान काही काळ चढतच राहतं. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतो. कॅनवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि नेहमी तिथेच मोजा. शर्यतीच्या शेवटी 70 ते 75 अंश सेल्सिअस चालेल. 80 च्या पुढे गेलं तर पिनियनचा दात कमी करा. पण त्याआधी गाडी मोटरशिवाय ढकलून पाहा. चिकट बेअरिंग, जास्त ताणलेला बेल्ट किंवा घट्ट बसवलेली मेश (पिनियन आणि स्परच्या दातांची पकड) यांचा भारही मोटरच उचलते, आणि दोष मात्र टायमिंगला लागतो.

मोटर उघडली असेल तर शिमकडे (शाफ्टवरच्या पातळ चकत्यांकडे) लक्ष द्या. रोटरला (आतल्या फिरणाऱ्या चुंबकाला) पुढे-मागे 0.2 ते 0.3 मिमी एवढी मोकळीक असावी. सगळ्या शिम एकाच बाजूला लावल्या तर रोटर स्टेटरच्या मध्यावरून सरकतो आणि सेन्सरपासून दूरही जाऊ शकतो; मग गाडी निघताना अडखळते. बेअरिंगला हलक्या तेलाचा एक थेंब पुरे. सेन्सर्ड मोटरच्या ए, बी, सी तारा ईएससीच्या त्याच अक्षरांना जोडायच्या. दिशा उलटी करायला दोन तारा अदलाबदल करण्याची युक्ती इथे चालत नाही, ईएससी जळू शकतो. तारांना डाग देताना (सोल्डर करताना) मोटरच्या टॅबवर सोल्डरिंग आयर्न रेंगाळू देऊ नका. दमदार आयर्न, मोठं टोक आणि दोन-तीन सेकंदांत काम.

आणि रोटर. निओडिमियम चुंबक फार तापला की कायमचा अशक्त होतो, आणि गंमत अशी की तेव्हा केव्ही वाढतो. चुंबकक्षेत्र कमी, म्हणून त्याच व्होल्टेजला आरपीएम जास्त. अ‍ॅनालायझरवर आकडा बघून माणूस खूश होतो, पण टॉर्क गेलेला असतो आणि अँपिअर वाढलेले. मोटर नवी असतानाच ठरावीक टायमिंग आणि व्होल्टेजवरचे केव्ही आणि अँपिअर कॅनवर मार्करने लिहून ठेवा. पुढे त्याच सेटिंगला दोन्ही आकडे चढलेले दिसले, तर एंडबेलशी खेळत बसू नका, नवा रोटर घाला.