लेकीचा गेमिंग कॉम्प्युटर: साठ हजारांचा हिशेब

२०२५ च्या मे महिन्यात, लेकीची सातवीची परीक्षा आटोपल्यावर, आम्ही तिच्यासाठी गेमिंगचा कॉम्प्युटर सुटे भाग आणून घरीच जोडला. मॉनिटर धरून ६०,००० रुपयांची मर्यादा ठरली होती आणि ती ओलांडायची नाही, हे घरात सर्वांना मान्य होते. खरेदीपूर्वी महिनाभर मी आणि माझा धाकटा भाऊ रोज रात्री या विषयावर बोलत होतो. त्यातून जे हाती लागले ते सविस्तर लिहीत आहे, कारण पालक या खरेदीत ज्या जागी पैसे वाचवतात त्या जागा बहुधा चुकीच्या असतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

पहिली गोष्ट भावाने सांगितली आणि ती मला आजही सर्वांत मोलाची वाटते. त्याने लेकीला वही घेऊन बसवले आणि तिला कोणते खेळ खेळायचे आहेत ते लिहून काढायला लावले. तिने माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट आणि फोर्झा होरायझन ५ अशी तीन नावे लिहिली, आणि माइनक्राफ्टपुढे ‘शेडर्स लावून’ असे अधोरेखित केले. या तीन ओळींवरून निम्मी खरेदी ठरली. व्हॅलोरंट हलका खेळ आहे आणि त्याचा भार पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर अधिक पडतो. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती प्रोसेसरच्या एका कोअरच्या (आतल्या एका गणकाच्या) वेगावर बरीच अवलंबून असते, परंतु पाण्यातले प्रतिबिंब आणि झाडांच्या सावल्या दाखवणारे शेडर्स लावले की सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो. फोर्झाला तर बऱ्यापैकी कार्ड लागतेच. तिने केवळ पहिली दोन नावे लिहिली असती आणि शेडर्सचा आग्रह धरला नसता, तर रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेऊन, त्याच्या अंगच्या ग्राफिक्सवर भागवून, वीस हजार रुपये बाजूला ठेवता आले असते. ज्या घरी मूल लहान आहे त्या घरी मी आजही तोच मार्ग सुचवीन.

सुटे भाग घ्यायचे ठरण्यापूर्वी आम्ही जवळच्या एका दुकानात तयार कॉम्प्युटरची चौकशी केली होती. ‘आय सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स कार्ड’ असा संच २२,००० रुपयांना सांगण्यात आला. काचेच्या कॅबिनेटमधले रंगीत दिव्यांचे पंखे पाहून लेक हरखून गेली. भावाने मात्र प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारला. तो आय सेव्हन ३७७० निघाला, म्हणजे २०१२ साली बाजारात आलेला. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, जुन्या एच ६१ चिपसेटचा होता, आणि कार्ड जीटी ७३०, त्यावरची चार जीबी मेमरी जुन्या, संथ डीडीआर३ जातीची. ‘आय सेव्हन’ या शब्दांतून प्रोसेसरची पिढी कळत नाही. ती पुढच्या क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांतून कळते. ३७७० मधला ३ म्हणजे तिसरी पिढी आणि १२१०० मधले १२ म्हणजे बारावी. बाराव्या पिढीचा चार कोअरचा साधा आय थ्री त्या जुन्या आय सेव्हनला खेळांत सहज मागे टाकतो. शिवाय त्या प्रोसेसरला विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालवायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात. मुलाच्या हट्टापायी असा संच घेऊन घरी आलेल्या आई-वडिलांचे मला फार वाईट वाटते, कारण ते २२,००० रुपये बुडाल्यातच जमा असतात.

मॉनिटर आम्ही कार्डाच्या आधी ठरवला. २४ इंचांचा, १०८० पिक्सेलचा, आयपीएस जातीच्या पडद्याचा आणि १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा चित्र बदलणारा मॉनिटर सुमारे ७,६०० रुपयांना मिळाला. पडदा १०८० चा असेल तर त्याहून मोठ्या पडद्यासाठी बनलेले महाग कार्ड घेण्याचे कारण उरत नाही. घरी जुना मॉनिटर असल्यास तोच वापरावा, मात्र त्याला केवळ व्हीजीए ही जुनी जोडणी असेल तर नव्या कार्डांवर ती नसते, हे आधी पाहून घ्यावे.

कार्डासाठी आम्ही आरएक्स ६६०० निवडले. ते २०२१ चे असले तरी ८ जीबी मेमरी आणि १३२ वॉटची वीज या बाबींत या पडद्याला पुरेसे होते, आणि २०,८०० रुपयांना पडले. त्याच्याहून स्वस्त आरएक्स ६५०० एक्सटीकडे मी बराच वेळ ओढली जात होते. भावाने तेव्हा एक बारकावा समजावला. मदरबोर्ड आणि कार्ड यांच्यात माहिती ज्या मार्गिकांवरून धावते, त्या ६६०० ला आठ आहेत आणि ६५०० एक्सटीला केवळ चार. आम्ही घेत असलेला बी ४५० जातीचा मदरबोर्ड या मार्गिकांच्या, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या, तिसऱ्या पिढीचा, म्हणजे प्रत्येक मार्गिकेचा वेग चौथ्या पिढीच्या निम्मा. आठ मार्गिकांच्या कार्डाला ते फारसे जाणवत नाही. चार मार्गिकांच्या कार्डाची मात्र, तेही केवळ ४ जीबी मेमरी असताना, चांगलीच कोंडी होते. सुटे भाग स्वतंत्रपणे स्वस्त दिसतात, परंतु त्यांची किंमत एकमेकांशी जुळवल्यावरच खरी कळते, हे मला या एका उदाहरणावरून उमगले. वापरलेले कार्ड आणखी स्वस्त मिळाले असते. परंतु २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ते कमावण्यासाठी चालणारी आकडेमोड) कार्डांवर करणे बंद झाल्यानंतर रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली, आणि मुलीच्या पहिल्या कॉम्प्युटरसाठी मला वॉरंटी हवी होती.

आता एसएमपीएसविषयी, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याविषयी, ज्यावर मी सर्वाधिक वाद घातला आणि ज्याबद्दल आज माझी सर्वाधिक खात्री आहे. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा ४५० वॉटचा एसएमपीएस आपल्याकडे सर्रास खपतो. भावाच्या घरी काही वर्षांपूर्वी तसाच एक जळाला आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. हार्ड डिस्कमध्ये त्याच्या लग्नाचे फोटो होते. त्यामुळे त्याने मला दुकानात एसएमपीएसच्या बाजूचे स्टिकर वाचायला शिकवले. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांची वीज १२ व्होल्टच्या ओळीवरून येते. तेव्हा १२ व्होल्टच्या रकान्यातल्या अँपिअरला १२ ने गुणायचे. त्या कॅबिनेटसोबतच्या एसएमपीएसवर तिथे १४ अँपिअर लिहिले होते, म्हणजे १६८ वॉट. वर ठळक अक्षरांत मात्र ४५० छापलेले. आम्ही घेतलेल्या ५५० वॉटच्या ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाण्याची खूण) एसएमपीएसवर ४३ अँपिअर होते, म्हणजे ५१६ वॉट. आमचे कार्ड १३२ वॉटचे, प्रोसेसर ६५ वॉटचा; खेळ ऐन रंगात असतानाही सारा संच साधारण तीनशे वॉटच्या आत राहतो. ५५० वॉटचा एसएमपीएस त्यासाठी ऐसपैस आहे आणि पुढे मोठे कार्ड घेतले तरी बहुधा तोच चालेल. त्याला ४,२०० रुपये पडले. लेकीला हा भाग कधी दिसणारही नाही, आणि म्हणूनच त्याची काळजी आपण घ्यायची असते.

प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोअरचा, ८,९०० रुपयांना. ज्याला वेगळे कार्ड घ्यायचेच आहे त्याने ५६००जी घेऊ नये, कारण त्याची कॅशे मेमरी, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, ५६०० च्या निम्मी, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि खेळांत तो फरक दिसतो. दुकानात ‘ट्रे’चा, म्हणजे खोक्याविना सुटा, प्रोसेसर काहीशे रुपयांनी स्वस्त सांगतात. त्याच्याबरोबर पंखा येत नाही आणि वॉरंटीचीही शाश्वती नसते, म्हणून बॉक्स पॅकच मागावा. मदरबोर्ड ५,९०० रुपयांचा घेतला तो मेमरीचे चार खाचे असलेला, जेणेकरून पुढे मेमरी वाढवताना आधीची काढून टाकावी लागू नये.

मेमरी १६ जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. एकच सोळाची पट्टी लावली तर प्रोसेसरला मेमरीकडे जाणारा एकच रस्ता मिळतो. दोन लावल्या की दोन रस्ते खुले होतात. ५६००जीसारख्या प्रोसेसरमध्ये, जिथे ग्राफिक्सही हीच मेमरी वापरतात, तिथे तर हा फरक डोळ्यांना दिसतो. आम्हाला ही जोडी ३,३०० रुपयांना मिळाली. त्यानंतर वर्षअखेरीस मेमरीचे भाव भडकले, त्यामुळे माझा हा आकडा आता कोणी धरून बसू नये. घरातल्या किंवा नातेवाइकांच्या बंद पडलेल्या डेस्कटॉपमध्ये याच जातीच्या, म्हणजे डीडीआर४ च्या पट्ट्या असतील तर त्या आधी काढून पाहाव्यात. माहिती साठवणारी एक टीबीची वेगवान एनव्हीएमई एसएसडी ४,८०० रुपयांना आणि पुढून जाळी असलेले साधे कॅबिनेट २,९०० रुपयांना घेतले. एकूण ५८,४०० रुपये झाले आणि उरलेल्या पैशांत कीबोर्ड व माऊस बसला. विंडोजचा परवाना मात्र मी या हिशेबाबाहेर ठेवला होता, आणि तो विकतच घ्यायचा हेही ठरले होते.

खरेदी आम्ही मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या भागांच्या बाजारात केली. डोंबिवलीहून दादरला उतरून, गाडी बदलून ग्रँट रोडला जायचे. शनिवारी सकाळीच गेलो, कारण रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात. दोन दुकानांत बिलाशिवाय घेतल्यास भाव कमी करू असे सांगण्यात आले. १८ टक्के जीएसटीचा आकडा पाहून मन डळमळते, हे खरे आहे. परंतु प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेले बिल हीच पुढच्या तीन वर्षांची वॉरंटी असते, म्हणून आम्ही तिसऱ्या दुकानात गेलो.

जोडणी रविवारी जेवणाच्या टेबलावर झाली. प्रोसेसर बसवण्याचे काम मामाने लेकीला दिले. या जातीच्या प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात आणि एक जरी वाकली तरी नऊ हजारांचे नुकसान होऊ शकते, हे तिला आधी सांगितले होते, त्यामुळे तिने कडेने धरलेला तो चौकोन बराच वेळ हवेतच ठेवला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, शेजारची दांडी उभी ठेवायची, आणि मग प्रोसेसर केवळ ठेवायचा, दाबायचा नाही. तो आपल्या वजनाने खाली बसला तेव्हा टक असा बारीक आवाज आला आणि तिने श्वास सोडला. मेमरीच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घातल्या. मॉनिटरची केबल तिने प्रथम मदरबोर्डाच्या एचडीएमआयला जोडली, आणि ५६०० ला स्वतःचे ग्राफिक्स नसल्यामुळे पडदा काळाच राहिला. केबल कार्डाला लावल्यावर चित्र आले.

तरीही दोन सेटिंग बाकी होत्या, आणि त्या अनेक घरांत वर्षानुवर्षे तशाच राहून जातात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, पाहिले तर ३२०० ची मेमरी २६६६ च्या वेगाने चालत होती. मेमरीचा छापील वेग लागू करणारे एक्सएमपी प्रोफाइल सुरू केल्यावर ती पूर्ण वेगाने धावू लागली. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०० हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच होता. ज्या गोष्टीचे पैसे आपण मोजले ती मिळते आहे का, हे असे उघडून पाहावे लागते.

संध्याकाळी लेक अनवाणी बसून खेळत असताना तिचा हात कॅबिनेटच्या पत्र्याला लागला आणि ‘आई, झिणझिण्या येतात’ असे ती म्हणाली. आमची इमारत जुनी आहे. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले तेव्हा त्या खोलीच्या प्लगमध्ये अर्थिंगची तार जोडलेलीच नसल्याचे त्याने उघडून दाखवले. तिसऱ्या पिनेचे भोक नुसतेच होते. त्याने मीटरपासून नवी तार ओढून दिली आणि त्याचे १,२०० रुपये झाले. साठ हजारांच्या यादीत हा खर्च मी धरलेला नव्हता. आता कोणी मला यादी दाखवायला आणली तर मी आधी त्यांच्या घरचा प्लग तपासून घ्यायला सांगते, आणि मगच ग्राफिक्स कार्डाचे नाव विचारते.