पहिली तीन पावलं

यंदा आमच्या जिल्हा बेसबॉल संघात दोन नवी पोरं आली. एक शंभर मीटरवाला, दुसरा खो-खोतून आलेला. त्यामुळे वेळा घ्यायच्या ठरल्या तेव्हा बाकीच्या पोरांनी निकाल आधीच लावून टाकला होता.

आधी 60 मीटर सरळ पळवलं. शंभर मीटरवाला आरामात पुढे. मग दोघांना होम प्लेटवर, म्हणजे फलंदाजी करतात त्या जागी, उभं केलं. बॉल मारायचा आणि पहिला बेस गाठायचा. अंतर 90 फूट, म्हणजे 27.43 मीटर. बॅटला बॉल लागला की घड्याळ सुरू. खो-खोवाला 4.6 सेकंद, शंभर मीटरवाला 4.9. पुन्हा घेतलं, तरी तेच. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये उजव्या हाताचा फलंदाज 4.3 च्या आसपास पोचला की स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, त्याला सरासरी म्हणतात, ते सोडा. हातातल्या घड्याळात दशांशभर इकडेतिकडे होतंच. पण तीन दशांशांत पळणारा दोन मीटर सहज कापतो, आणि तेवढ्यात क्षेत्ररक्षकाचा थ्रो बेसवर येऊन पोचला की तो बाद.

"सर, शूज घसरतायत," शंभर मीटरवाला म्हणाला. खो-खोवाला तर साध्या कॅनव्हासच्या बुटांवर होता!

मोबाइलवर स्लो मोशन लावून दोघांना शेजारी बसवलं. बॅट फिरली की उजव्या फलंदाजाचं वजन डाव्या पायावर येतं, म्हणून बेसच्या दिशेने आधी उजवा पाय पडायला हवा. शंभर मीटरवाला डावा पाय मागे टेकवून जोर घेत होता, मान वर करून बॉल कुठे गेला ते बघत होता आणि दुसऱ्याच पावलाला ताठ उभा. स्टार्टिंग ब्लॉकमधून सुटायची सवय. पायामागे रेटायला काही नसलं की त्याचा स्टार्टच हरवायचा. दुसऱ्याचं बालपण चौकोनात उकिडवं बसण्यात गेलेलं. खो मिळाला की उठता उठता खांदा वळवायचा आणि सुटायचं. स्विंगनंतर वळून पळणं त्याला वेगळं शिकवावंच लागलं नाही.

उरलेली सकाळ मग स्टार्टवरच घालवली. भिंतीला हात टेकून, अंग तिरकं ठेवून गुडघे उचलणं. उभ्याउभ्या पुढे झुकत जायचं आणि तोल सुटला की दहा मीटर पळायचं. एका गुडघ्यावर बसून सुटायचं. मी खांद्याच्या उंचीवरून बॉल सोडायचा, दुसरा टप्पा पडायच्या आत त्याने पकडायचा. प्रत्येक पळण्यानंतर चालत परत आणि दम पूर्ण खाली बसेपर्यंत विश्रांती. कुंपणापाशी उभ्या एका पालकांना ते बघवेना. "पोरं नुसती उभीच आहेत, ग्राउंडला दहा राउंड मारायला लावा की!" राउंडने दम वाढतो. दमलेल्या पायांनी वेग शिकता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पटलं असावं असं चेहऱ्यावरून वाटलं नाही.

शेवटी शंभर मीटरवाल्याची पुन्हा वेळ घेतली. 4.7. यात पळण्याचा वेग तसूभरही वाढलेला नव्हता. वाया जाणारं एक पाऊल तेवढं गेलं होतं.

खो-खोवाल्याची खोड निराळीच. बेस जवळ आला की शेवटचं पाऊल उडी मारून टाकतो आणि हवेत वेळ घालवतो. पहिल्या बेसवरून पुढे निघून गेलं तरी चालतं, फक्त दुसऱ्या बेसकडे वळायचा प्रयत्न करायचा नाही, हे त्याला फक्कीची रेघ बेसच्या पुढे तीन मीटर वाढवून दाखवलं. आता तो त्या रेघेपर्यंत पळतो. दुसऱ्या बेसचं वळण मात्र दोघंही अजून फार बाहेरून घेतात. तिथे खुणेचे प्लॅस्टिकचे शंकू लावायचे आहेत.