करड्या रंगाची कटकट

दारव्ह्याकडच्या खेड्यात बसून मी लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या, पार्ट्सच्या नोंदी तपासतो म्हटलं की लोक आधी हेच विचारतात, खेळणी विकतो का? नाही बावा. हे ठोकळे जमवणाऱ्या लोकांनीच हौसेनं चालवलेला डेटाबेस आहे, पैसा कोणालेच नाही, अन् भांडणं मात्र बारीकसारीक गोष्टींवरून.

आता दोन बाय चारचा, म्हणजे वर चार-चार गुंड्यांच्या दोन ओळी असलेला, साधा ठोकळा घ्या. त्याचा डिझाइन नंबर 3001, मग तो लाल असो का पिवळा, पण कंपनीच्या हिशोबात दर रंगाचा एलिमेंट नंबर वेगळा, अन् नवीन लोक हे दोन्ही नंबर एकाच रकान्यात कोंबतात. डिझाइन नंबर बऱ्याचदा ठोकळ्याच्या पोटात इतका बारीक उठवलेला असते की मोबाईलचा टॉर्च तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही.

खरी डोकेदुखी करड्या रंगाची. 2004 च्या सुमारास कंपनीनं करडा जरा निळसर केला, फोटोत जुना-नवा सारखाच दिसते, त्यात जुना माल उन्हानं पिवळा पडलेला. मी तरी बाहेरून रंग ठरवतच नाही, आतली बाजू पाहतो, तीही सकाळी ओसरीत, कारण रात्री लाईटचा काही नेम नाही.

काकाजी जाता जाता म्हणतात, "कापसाचा भाव पाह्य, काय नंबर लावून राहिला बे!"

सध्या लेगोच्या बिजागऱ्यांवर अडलोय. जुन्या बोटांसारखे दात एकमेकांत अडकवायच्या अन् नंतरच्या टकटक आवाज करत फिरणाऱ्या, दोन्ही एकाच नोंदीत घातल्या कोणीतरी. नोंद परत पाठवली, आतल्या बाजूचे फोटो मागवले.