टेलिफोनवरची रूबी

१० ऑक्टोबर, रात्र

आज रूबी मायर्सचा, म्हणजे मूकपटांच्या नायिकेचा, 'सुलोचना'चा स्मृतिदिन. १९८३ साली याच तारखेला ती मुंबईत गेली. ऑफिसात सहज म्हणाले, "आज सुलोचनाची पुण्यतिथी", तर समोरच्या टेबलावरून लगेच, "त्या जूनमध्ये गेल्या ना गं?" त्या म्हणजे सुलोचनादीदी लाटकर. दुसरीने लावणीवाल्या सुलोचनाबाई चव्हाणांची आठवण काढली. आपल्याकडे या दोन सुलोचना इतक्या घरच्या आहेत, की तिसरीला, खरं तर पहिलीला, बसायला जागाच नाही. आणि ही पहिली जन्माने पुण्याची, हे सांगितल्यावर तर सगळे हसलेच.

१९०७ चा जन्म, बगदादी ज्यू घराणं. कॅम्पातल्या लाल देवळावरून आपण रोज जातो, ते या बगदादी ज्यूंच्या वस्तीनेच मागे ठेवलेलं. डेव्हिड ससूनने बांधायला घेतलेलं, १८६७ मध्ये पूर्ण झालेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. रिक्षावाल्याला 'ओहेल डेव्हिड' म्हटलं तर तो मान हलवतो, 'लाल देऊळ' म्हटलं की मीटर टाकतो.

रूबी टेलिफोन ऑपरेटर होती. दिग्दर्शक मोहन भवनानींनी तिला कोहिनूर फिल्म कंपनीसाठी विचारलं, तेव्हा तिने आधी नाहीच म्हटलं. त्या काळी सिनेमात जाणं म्हणजे नाव घालवणं. १९१३ मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही आणि अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. तरी पुढची दहा-बारा वर्षं 'चांगल्या घरातल्या' बायका लांबच राहिल्या. ही रिकामी जागा ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींनी भरली. रेनी स्मिथची सीता देवी झाली, रूबी मायर्सची सुलोचना. नावं आपली, चेहरे त्यांचे, आणि अब्रू गेलीच तर तीही त्यांचीच! सोयीचं होतं सगळ्यांना.

भवनानी मागे लागले, शेवटी ती तयार झाली. १९२५ मध्ये 'वीर बाला' आला. पुढच्याच वर्षीची नावं बघ: 'सिनेमा क्वीन', 'टायपिस्ट गर्ल', 'टेलिफोन गर्ल'. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या गर्दीत अचानक नोकरी करणारी मुलगी. टायपिस्ट, ऑपरेटर! मला वाटतं, तिचं सगळ्यात मोठं काम हेच असावं. पण तिच्यावर लिहिणारे यावरून एका वाक्यात पुढे जातात आणि पगारावर येऊन थांबतात.

पगार म्हणजे ते पाच हजार. इंपीरियल फिल्म कंपनीत तिला महिना पाच हजार रुपये मिळत, मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त. जिथे तिचं नाव तिथे हे वाक्य. आज मला त्याचा रागच आला. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या परिशिष्टात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार सरळ छापलेला आहे, वर्षाला १,२०,००० रुपये. म्हणजे महिना दहा हजार. पाच हजार त्याहून जास्त कसे होतात? नव्वद वर्षांत कोणी साधा भागाकार करून पाहू नये? पाच हजार तेव्हा प्रचंडच होते, त्यांना गव्हर्नरचा आधार कशाला हवा? बाईने कमावलं की ते कुठल्यातरी साहेबाच्या पगाराशेजारी ठेवल्याशिवाय मोठं दिसत नाही, असलं काहीतरी असावं.

संध्याकाळी आत्याला फोन केला. तिने टेलिफोन खात्यात बोर्डावर उभी हयात काढली, ट्रंक कॉलच्या जमान्यात. तिला रूबीबद्दल सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आवाज चांगला असणार. आम्हाला आवाजावरच घेत. चेहरा कोण बघतंय? हेडफोन लावला की आपण नुसता आवाज." मग तिने मला तिचा जुना 'नंबर प्लीऽज' म्हणून दाखवला. अजून तसाच, खणखणीत.

फोन ठेवल्यावर तेच डोक्यात राहिलं. बोर्डावर चेहरा कोणाला दिसत नाही, नोकरी आवाजाची. तिथून ती अशा धंद्यात गेली जिथे आवाज कोणाला ऐकू येत नाही, सगळी मदार चेहऱ्यावर. आणि तिथे ती सगळ्यांच्या वर गेली. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये (१९२७) एकटीने आठ भूमिका केल्या: माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोर, सोनेरी केसांची युरोपियन बाई, आणखीही. १९२८ मध्ये 'माधुरी' आणि 'अनारकली', १९२९ मध्ये 'इंदिरा बी.ए.', तिन्हींचे दिग्दर्शक आर. एस. चौधरी. 'अनारकली'ची तर शर्यतच होती. दुसरी एक कंपनी त्याच कथेवर सीता देवीला घेऊन मोठ्या थाटात चित्रपट करत होती, तर इंपीरियलने आपला घाईघाईने उरकून आधी लावला. माधुरीतला तिचा नाच इतका गाजला, की गांधीजींनी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन केल्याचा छोटा बोलका माहितीपट दाखवताना त्याला हा नाच ध्वनी भरून जोडला होता. खादीला गिऱ्हाईक कोणी खेचलं, ते विचारू नये.

मग आवाज परत आला. १४ मार्च १९३१, गिरगावचं मॅजेस्टिक, 'आलम आरा'. चित्रपट तिच्याच कंपनीचा, अर्देशीर इराणींचा, आणि नायिका जुबेदा. रूबीचं हिंदुस्थानी चालण्यासारखं नव्हतं. नायक आपले मास्टर विठ्ठल. ते शारदा स्टुडिओ सोडून आले म्हणून कोर्टकचेरी झाली, त्यांची बाजू जिनांनी लढवली, आणि एवढं करून पडद्यावर त्यांना फारसं बोलायला दिलंच नाही, कारण त्यांचंही बोलणं बेताचं. मूकपटाचे दोघेही राजाराणी एकाच दगडाला अडखळले.

विठ्ठलपेक्षा रूबीने ते जास्त जिद्दीने घेतलं. थांबली, हिंदुस्थानी शिकली आणि परत आली. आली ती स्वतःचेच जुने मूकपट पुन्हा बोलत करायला. 'माधुरी' १९३२ मध्ये, 'अनारकली' १९३५ मध्ये. आणि 'इंदिरा बी.ए.' १९३४ मध्ये परत आली ती 'इंदिरा एम.ए.' होऊन. मूकपटात पदवी, बोलपटात पदव्युत्तर! ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार. नट डी. बिलिमोरियाबरोबर जोडी जमली, स्वतःची 'रूबी पिक्स' कंपनीही काढली. पण १९३८ च्या सुमारास इंपीरियल बंद पडली, नव्या मुली आल्या, आणि ती हळूहळू चरित्रभूमिकांकडे सरकली. १९५३ च्या 'अनारकली'त बीना राय अनारकली, आणि आपली रूबी सलीमची आई, जोधाबाई. एकाच दंतकथेत दोनदा भिंतीत चिणून घेतलेली बाई आता महालात बसून दुसरीला जाताना बघते. हा चित्रपट मी लहानपणी दूरदर्शनवर पाहिला होता, गाण्यांसाठी. जोधाबाईकडे कोण बघतंय!

आता खरी बोच. तिचा एकही मूकपट मला पूर्ण बघता येणार नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले जेमतेम तीसेक उरले, तेही बरेचसे तुकड्यांत. ती जन्मली त्याच पुण्यात, लॉ कॉलेज रोडवर, चित्रपट संग्रहालय आहे. पण ते सुरू झालं १९६४ मध्ये, मूकपट संपून तीस वर्षं झाल्यावर. संग्रहालयाचे पी. के. नायर गावोगाव फिरून डबे गोळा करायला लागले तोवर बरंचसं जळलं होतं, कारण नायट्रेटची फिल्म पेटायला निमित्त लागत नाही. उरलेलं विकलं गेलं. त्या फिल्ममध्ये चांदी असते. जरीची जुनी साडी जाळून सराफाकडे चांदी काढायला द्यावी, तशी रिळं गेली. 'काळाच्या ओघात नष्ट झाले' असं छापतात ते मला पटत नाही. काळाने काही केलेलं नाही. कोणीतरी वजन केलं, भाव ठरवला, पैसे मोजून घेतले.

आणि १९६४ मध्ये रूबी सत्तावन्न वर्षांची, मुंबईत, अजून कामं करत होती. १९७३ चा फाळके पुरस्कार तिला मिळाला, म्हणजे सन्मान करायला सरकारला सुचलं, पण ज्याबद्दल केला ते दाखवायला कोणाकडे फारसं काही नव्हतं. १९७८ च्या 'खट्टा मीठा'मध्येही ती आहे, सत्तरी ओलांडलेली.

एखाद्या माळ्यावर एकच रीळ सापडणार असेल तर मी 'अनारकली' मागणार नाही. 'वाइल्डकॅट' हवा, आणि त्यातलाही पोलीस. पुण्याची वीस वर्षांची मुलगी १९२७ मध्ये मुंबईचा हवालदार होऊन कशी चालते, ते मला बघायचंय.

जेवणं झाल्यावर आत्याचा पुन्हा फोन आला. पाच हजारांची आणि गव्हर्नरची गोष्ट मी तिला जोरात सांगायला घेतली, तर मध्येच तोडून म्हणाली, "ते राहू दे गं. टेलिफोनात असताना तिला नाइट ड्यूटी लागायची का, ते काही लिहिलंय का कुठे?"