तुम्ही विचारलंत म्हणून : परत बुलेट कशाला?

"एवढं सगळं झालं, तरी अजून हौस फिटली नाही?"

बुलेटवरून पडून पाय मोडला, तेव्हापासून पावणेदोन वर्षं हा प्रश्न ऐकतोय. देवळात, फोंड्याच्या बाजारात, फिजिओथेरपीच्या बाकावर. एका घरी सांत्वनाला गेलो होतो, तिथेही. विचारणाऱ्यांत माझी सख्खी बहीण आहे आणि ज्यांचं नावही मला ठाऊक नाही अशी माणसं आहेत. दरवेळी मी "बघू" म्हणतो आणि विषय बदलतो. घरी आल्यावर मात्र रात्रभर त्यांना उत्तरं देत बसतो. तेव्हा आता लिहूनच टाकतो.

पहिलं म्हणजे, हौस हा शब्द मला लागतो. एकतीस वर्षं मी नाटकांची रंगभूषा करतोय. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत ज्या गावात जत्रेचं, काल्याचं नाटक असेल तिथे रंगपेटी बुलेटच्या मागच्या सीटला बांधून गेलोय. आपल्याकडे गावचं नाटक कधी सुरू होतं आणि कधी संपतं हे तुम्हाला सांगायला नको. पालखी होते, मग भाषणं, मग सत्कार. पडदा वर जातो तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. शेवटच्या नटाची दाढी उतरवून होते तोवर पहाटेचे चार. त्या वेळी कदंबची सरकारी बस नसते. दिवसा कुणाच्या ना कुणाच्या नोकऱ्या असतात, माझीही होती. गाडी नसती तर हे काम मी दोन वर्षांतच सोडलं असतं.

हे उत्तर मी पुष्कळांना दिलंय आणि ते पटतंही. पण ते अर्धंच आहे. सामानाचा टेम्पो असायचा, त्यात एका माणसाची जागा सहज निघाली असती. नटांच्या गाड्या असायच्या. आणि देवळाची अग्रशाळा, म्हणजे उतरायच्या खोल्या, तर असायचीच. समितीचे लोक आग्रह करायचे, खोली उघडून द्यायचे, चटई-उशी आणून ठेवायचे. मी एकतीस वर्षांत फार तर पाच-सहा वेळा थांबलो असेन.

का थांबलो नाही, ते सांगायचा प्रयत्न करतो. संध्याकाळी सहापासून मी दुसऱ्यांच्या तोंडासमोर बसलेला असतो, वीतभर अंतरावर. सफेदा-पिवडीचा हात फिरत असतो आणि माणसं बोलत असतात. डोळे मिटलेला नट रंगभूषाकाराला काय काय सांगतो याची तुम्हाला कल्पना यायची नाही. कर्ज, आजार, घरातली भांडणं. मी ऐकत राहतो. कपाळावर आठी आली की रंग फुटतो, म्हणून समजूतही घालतो. नाटक संपल्यावर खोबरेल लावून तीच तोंडं पुसतो. मग रंगपेटी बांधायची, इंजिनातला दाब सोडायची डिकॉम्प्रेशनची कळ दाबून ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा, किक मारायची आणि निघायचं. माघात सत्तरीतल्या रस्त्यांवर पहाटे धुकं असतं आणि काजूला मोहर आलेला असतो. तो वास गाडीच्या बंद काचेआड येत नाही. हाताला दाढी-मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास, समोरून मोहराचा, आणि तासभर कुणीही मला काहीही सांगत नाही. मानधन पाकिटात मिळायचं. हा तास ही माझी दुसरी कमाई होती. वेगाचं म्हणाल तर पन्नासच्या वर मी क्वचितच गेलोय. थरार हवा म्हणून गाडी चालवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण मी त्यातला नाही.

आता अपघात. २०२४ च्या फेब्रुवारीत वाळपईकडून उसगावमार्गे फोंड्याला येत होतो. सगळ्यांना मी सांगितलं की गुरं आडवी आली. पोलिसांना तेच, बहिणीला तेच, बायकोलाही तेच. आपल्या रस्त्यांवर रात्री गुरं बसलेली असतात, त्यामुळे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. वर लोक सरकारला दोन शिव्या देतात आणि मला चहा पाजतात.

गुरं होती की नव्हती, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आदल्या दिवशी सकाळी सहाला उठलो होतो, समितीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "आज पडा इथंच, डोळे बघा तुमचे" म्हटलं होतं आणि मी हसून हेल्मेटचा पट्टा लावला होता. पुढचं आठवतं ते रस्त्याकडेची लाल माती आणि कुणीतरी १०८ ला फोन करून पत्ता सांगतंय. मधलं काही नाही. मला डुलकी लागली असावी. हे मी आज पहिल्यांदाच लिहितोय. हेल्मेट होतं म्हणून लिहायला उरलो, हेही खरं आहे.

बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. उजव्या पायाची नडगी खालच्या भागात मोडून हाड बाहेर आलेलं. गुडघ्याजवळचं बारीक हाडही मोडलं होतं आणि त्याला वळसा घालून जाणारी नस दुखावली होती. नडगीत गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सळी घातली. तिथे मांस कमी, रक्त कमी पोचतं, त्यामुळे हाड जुळायला वेळ लागतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ते सहा महिन्यांत जुळलं नाही, तेव्हा कमरेच्या हाडातला तुकडा काढून तिथे भरला. त्यानं हाड धरलं. नस मात्र सावकाश येते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. तोवर पाऊल वर उचलत नाही, लोंबतं. चालताना अंगठा जमिनीला घासतो, म्हणून पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकचं स्प्लिंट बुटात घालून चालायचं.

इथे माझ्या गाडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. हल्लीच्या बुलेटना गिअर डाव्या पायाला असतो. माझी जुनी आहे. गिअर उजवीकडे, मागचा ब्रेक डावीकडे. पहिला गिअर चवड्यानं वर उचलून टाकायचा, पुढचे तीन खाली दाबून. म्हणजे माझ्या पायाला जी एकच हालचाल येत नाही, नेमकी तीच हिला सुरुवातीला लागते. "मग नवी घ्या, नाहीतर स्कूटर घ्या," असं तुम्ही म्हणाल. नव्या गाडीला उजव्या पायाला ब्रेक असतो, आणि लोंबणारा चवडा ब्रेकच्या वर जायच्याऐवजी खाली अडकला तर काय होईल ते मला फिजिओच्या बाईंनी नीट समजावलंय. स्कूटर मी चालवतो. दूध आणायला, देवळात जायला. ती वेगळी वस्तू आहे, यापलीकडे मला त्याचं समर्थन देता येत नाही.

आणि आता ती दुपार. २०२५ च्या जानेवारीतली. अपघाताला अकरा महिने झाले होते. बायको शाळेत. शेजारचा मुलगा अंगणात आला होता, त्याला म्हटलं, एक किक मारून दे रे, इंजिन बसेल नाहीतर. ते खोटं नव्हतं. चौथ्या किकेला सुरू झाली. तो आवाज अंगणात भरला आणि मी त्याला म्हटलं, जा आता, मी बंद करतो. तेवढं मात्र खोटं होतं.

स्प्लिंट घातलेला बूट गिअरच्या दांड्याखाली शिरत नव्हता. मी पायरीवर बसून तो काढला. स्प्लिंट काढलं, घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर ठेवलं आणि साधी चप्पल घातली. हे सगळं मी शांतपणे केलं, म्हणजे मोहाच्या झटक्यात झालं असं मला म्हणता येणार नाही. गाडीवर बसलो, क्लच धरला, वाकून उजव्या हातानं गिअरचा दांडा वर उचलला. पडला. क्लच सोडला आणि गाडी निघाली.

वडाच्या पारापर्यंत गेलो. दोनशे मीटर असेल. दुसरा गिअर खाली दाबायचा होता, तो पायानंच पडला. पाराला वळसा घातला. तिथल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं हात वर केला, मीही केला. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याकडे बघून कुणी माझ्या पायाकडे बघितलं नाही.

परत येताना फाटकाशी समोरून रिक्षा आली. थांबलो. जुनी बुलेट चालवणारा माणूस थांबताना डावा पाय ब्रेकवर ठेवतो आणि उजवा टेकतो. तीस वर्षं मी तसाच थांबलोय. मी काही ठरवलं नाही, उजवा पाय आपोआप खाली गेला. आधी अंगठा लागला, मग चवडा आत दुमडला, आणि दीडशे किलोंच्या वरचं ते धूड सावकाश माझ्यावर कललं. सावकाश म्हणतो, कारण ते पडताना मला सगळं दिसत होतं. चप्पल उलटी झालेली, टाकीवरचं माझं स्वतःचं तोंड.

रिक्षावाल्यानं गाडी उचलेपर्यंत बायको आली. शाळा लवकर सुटली होती. पर्स खांद्यावर तशीच. तिनं आधी वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला. बावीस वर्षं मागे बसलीय, कॉक कुठे आहे तिला न बघता कळतं. मग माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "कुठे दुखतंय तेवढं सांगा." पायरीवरच्या वर्तमानपत्रावरचं स्प्लिंट तिनं बघितलं होतं. मी तिला ते बघताना बघितलं.

घोटा मुरगळला होता, सळी शाबूत होती. सहा आठवडे पुन्हा प्लास्टर. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. रात्री जेवणं झाल्यावर तिनं बुलेटची किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली. "लपवून नको. चालवायची तर माझ्यासमोर चालवा. मला घरी येऊन कळायला नको." एवढंच. मी बोललो नाही. त्या क्षणी गुरांचं खरं काय ते सांगून टाकायला हवं होतं, तेही सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, इतकं कळतंय तर मग अडलंय कुठे? मीही हेच म्हणायचो. आमच्या मंडळीतला एक नट, खलनायकाची कामं करायचा, आठ-नऊ वर्षांपूर्वी गाडीवरून पडला. मांडी मोडली. मी हॉस्पिटलात त्याच्या खाटेवर बसून त्याला सुनावलं होतं, "देवानं वाचवलंय, आता गाडीचं नाव काढू नकोस. बायकामुलांचा विचार कर." त्यानं गाडी विकली. पुढच्या वर्षी लांबच्या गावांची नाटकं सोडली, त्याच्या पुढच्या वर्षी सगळीच. मी त्याला एकदाही विचारलं नाही की पहाटे चारला तू घरी कसा जाणार.

प्लास्टर निघाल्यावर मी त्याला भेटलो. माफी मागायची होती, पण नेमकी कशाची ते कळेना. सल्ला चुकीचा नव्हता. त्याची मुलं मोठी झाली, तो धडधाकट आहे. त्यानं चहा दिला आणि म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून विकली नाही रे. भ्यालो होतो. पण बुलेटचा आवाज आला की अजून मान वळते." मी त्याला विचारलं, वाईट वाटतं का? त्यानं उत्तर दिलं नाही. तेव्हाचा मी त्या खाटेवर बरोबर बोललो होतो असं मला आजही वाटतं, आणि तो मी परत भेटला तर त्याला खाटेवरून उठवीनही.

आता चवडा दोन बोटं वर येतो. रबराचा पट्टा लावून रोज सकाळी शंभर वेळा. गाडीवर ताडपत्री आहे, आठवड्याला शेजारचा मुलगा किक मारतो, बायको दारात उभी असते. भीती वाटते का, हा तुमचा दुसरा प्रश्न. वाटते. रात्री डोळा लागताना दचकून जागा होतो, कारण डुलकीचीच भीती बसलीय. पाय बरा झाला तरी ती कशी जायची ते कुणी सांगितलेलं नाही.

गुरांचं बायकोला काल सांगितलं, हे लिहायच्या आधी. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

परवा सत्तरीतल्या त्याच देवळाच्या समितीचा फोन आला होता. माघातल्या जत्रेला नाटक आहे, रंगभूषा तुमचीच हवी. बायको समोरच निवडण घेऊन बसली होती. मी येतो म्हटलं आणि अग्रशाळेत दोघांसाठी खोली ठेवायला सांगितली. त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, येणार कशानं, गाडी पाठवू का?

मी म्हटलं, अजून अडीच महिने आहेत, कळवतो.