तुझा बाप्तिस्मा झाला होता ना, मग परत कशाला?

नगरकडचं कुठलंही लग्न असो, जेवणाच्या रांगेत हा प्रश्न येतोच. मयतीला गेले तरी येतो. आणि पुण्यात आमच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये रविवारची उपासना झाली की नवीन आलेल्यांचा एक वर्ग असतो, तो मी घेते, त्यातही कोणी ना कोणी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, तिथे तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देतात) नाहीतर मेथॉडिस्टांकडून आलेलं असतं, ते चहाचा कप हातात धरून हेच विचारतात, फक्त जरा आडून. तुमचा लहानपणी झाला होता ना हो बाप्तिस्मा? मग हा कशाला? म्हणजे पहिला रद्द का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

जे प्रश्न तोंडावर विचारत नाहीत त्यांची उत्तरं आधी. पैसे मिळाले नाहीत. अमेरिकेचं काही जमलेलं नाही. नवऱ्यासाठीही नाही, तो अजून सीएनआयवालाच आहे आणि ख्रिसमसला दोन्हीकडचा केक खातो. ऑफिसमधले विचारतात 'कन्व्हर्ट कधी झालात', ते माझ्या पणजोबांना विचारायला हवं होतं. आणि तांदळासाठी ख्रिस्ती झाले ही गोष्ट कोणी काढलीच तर आंध्रातल्या ओंगोलचीही काढा. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, जॉन क्लाऊ नावाचा बाप्टिस्ट मिशनरी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा ठेका घेऊन लोकांना मजुरी मिळवून देत होता, लोक बाप्तिस्मा मागत होते आणि हा देत नव्हता, उद्या कोणी म्हणायला नको की भाकरीसाठी आले. दुष्काळ सरत आल्यावर मग ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीवर एका दिवसात २,२२२ जण. बहुतेक मादिगा या तिकडच्या दलित समाजातले. त्यांच्या मनात पोटाचा, जातीचा प्रश्न नव्हताच असं मी म्हणणार नाही, कोणाच्या मनात नसतो? पण वर्षभर थांबवून ठेवलं होतं हेही सांगत जा.

आता बाप्टिस्ट म्हणजे काय, तर वर्गात हे पटकन होतं. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा नाही, त्याला नुसता आशीर्वाद देतात. स्वतःला कळायला लागल्यावर, स्वतः विश्वास ठेवून, मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सभासदांसमोर, आपल्या विश्वासाची साक्ष देऊन, मग पाण्यात पूर्ण बुडवून. आमच्याकडे स्टेजखाली हौद आहे, एरवी त्यावर फळ्या आणि फळ्यांवर कीबोर्ड. बिशप नाही. पाळकांना, म्हणजे पास्टरना, मंडळीच बोलावते, हिशेब सभासदांसमोर येतो, जनरल बॉडीत हात वर करून ठरतं, आणि त्यात कॉलेजातल्या पोरीचा हात आणि डॉक्टरसाहेबांचा हात सारखाच. मला सगळ्यात आवडतं ते हे. आणि सरकारने कोणाच्याच धर्मात पडू नये, हेही अगदी पहिल्यापासूनचं. लंडनमध्ये १६१२ ला थॉमस हेल्विसने इंग्रज भूमीवरची पहिली बाप्टिस्ट मंडळी सुरू केली आणि त्याच वर्षी लिहिलं की माणूस पाखंडी असो, तुर्क असो, यहुदी असो, त्याला धर्मासाठी शिक्षा करणं हे राजाचं काम नाही. स्वतःपुरतं नाही, सगळ्यांसाठी मागितलं. तुरुंगात गेला आणि तिथेच मेला. आज आपण अल्पसंख्याक म्हणून जे मागतो ते या माणसाने दुसऱ्यांसाठी मागितलेलं, हे सांगताना माझा आवाज चढतो, मला माहितीये.

मग विल्यम कॅरी, इंग्लंडहून बंगालमध्ये आलेला बाप्टिस्ट मिशनरी. कॅरी महाराष्ट्रात कधी आलाच नाही, पण श्रीरामपूरला बसून वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचं व्याकरण १८०५ ला, कोश १८१० ला, नवा करार १८११ ला. (श्रीरामपूर बंगालमधलं हो, आपल्या नगर जिल्ह्यातलं नाही, दर वेळी कोणीतरी फसतं.) मग नागालँड, तिथले बहुतेक ख्रिस्ती बाप्टिस्टच, मग मार्टिन ल्यूथर किंग, तोही बाप्टिस्ट पाळक. आणि वर्ग छान चालला असताना मीच मुद्दाम सांगते की १८४५ ला अमेरिकेत दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले ते गुलाम ठेवणाऱ्यांना मिशनरी होता यावं म्हणून, आणि माफी मागितली ती १९९५ ला. तिकडे जमैकात गुलामांच्या उठावाचा पुढारी सॅम शार्प, तोही बाप्टिस्ट डीकन (मंडळीचं काम बघणारा सेवक), त्याला १८३२ ला फाशी दिलं. दोन्ही आमचेच. कोणाला फक्त किंग हवा असेल तर तसं नाही चालत.

तर मी का घेतला.

खरं उत्तर छोटं आहे. मला स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं होतं. आता लगेच म्हणाल की दृढीकरणात, म्हणजे बाळपणीचा बाप्तिस्मा मोठेपणी स्वतः पक्का करतात त्या कन्फर्मेशनमध्ये, तेच म्हणतात. म्हणतात की. मीही म्हटलं होतं, अख्ख्या बॅचबरोबर, नवीन ड्रेस घालून, आणि कोणी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं कारण नाही म्हणायची सोयच नव्हती. पुण्याला हॉस्टेलवर आल्यावर पहिल्यांदा चर्चला न जाण्याची मोकळीक मिळाली, काही काळ गेलेच नाही, आणि मग जेव्हा गेले तेव्हा मीच गेले. त्यानंतर पहिल्या बाप्तिस्म्याचं काय करायचं हा प्रश्न आपोआप आला. तेव्हाची मी तुम्हाला ठणकावून सांगितलं असतं की पहिला बाप्तिस्मा नव्हताच, ओलं झालेलं बाळ होतं ते. आताची मी तसं म्हणत नाही. पण रद्द नाही तर मग दुसरा कशाला, याचं चोख उत्तर माझ्याकडे नाहीये, आणि तेव्हाची मी यावर मला हसते.

माझ्यासारखं आधीही झालंय. नगरच्या आमच्या मंडळ्या ज्या अमेरिकन मराठी मिशनमधून निघाल्या त्या मिशनचे पहिले लोक १८१२ ला अमेरिकेतून निघाले, पाच जण, एकाच दिवशी सेलेममध्ये दीक्षा झालेली, पण जहाजं दोन. हॉल आणि नॉट एका जहाजावर, जडसन दुसऱ्यावर. जडसनला वाटलं कलकत्त्याला कॅरीची बाप्टिस्ट मंडळी भेटणार, वाद घालणार, बाळांच्या बाप्तिस्म्याची बाजू मांडता यायला हवी, म्हणून त्याने जहाजावरच अभ्यास सुरू केला आणि बाजू मांडता मांडता स्वतःच पलीकडे गेला. बायको अ‍ॅन म्हणाली, तू बाप्टिस्ट झालास तर मी होणार नाही. ६ सप्टेंबर १८१२ ला कलकत्त्यात दोघंही पाण्यात उतरले. ज्यांनी पाठवलं होतं त्या बोर्डाचा राजीनामा दिला, म्हणजे पगारही गेला, आणि दोघं ब्रह्मदेशात गेले. हॉल आणि नॉट १८१३ ला मुंबईत उतरले, हॉल मराठी शिकला, इथेच कॉलऱ्याने मेला, आणि त्याच्या मिशनने १८३१ ला नगर गाठलं. म्हणजे माझं घर हॉलच्या बाजूचं आणि मी जडसनच्या. हे लोक एकमेकांशी बोलायचे बंद झाले नव्हते, पण एकत्र काम करायचं ठरवून निघालेली माणसं वेगळी झाली ती झालीच.

आता जे वर्गात सांगत नाही ते.

माझ्या बाप्तिस्म्याला पप्पा आले नव्हते. आई आली होती, टॉवेल घेऊन. पप्पा गावच्या शाळेतले रिटायर्ड शिक्षक, पाळकसाहेबांना यायला जमलं नाही की उपासना तेच चालवायचे, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं पुस्तक न बघता म्हणणारा माणूस. त्यानंतर बऱ्याच काळाने ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे आले आणि रविवारी स्वतःहून म्हणाले, चल, बघू तुझं चर्च. मला इतका आनंद झाला की महिन्याचा पहिला रविवार आहे, प्रभुभोजन आहे, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, हे डोक्यातच आलं नाही. काळा चष्मा लावून ते माझ्या शेजारी बसले. गीतं म्हटली. उपदेशाला मान डोलावली. मग मेज मांडलं आणि पाळकांनी नेहमीची सूचना दिली, मी कितीतरी वेळा ऐकलेली, की ज्यांनी विश्वासाने, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला आहे त्यांनीच यात भाग घ्यावा.

ट्रे आमच्या रांगेत आला. मी भाकर घेतली आणि ट्रे पप्पांकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, डोळ्याला नीट दिसत नव्हतं म्हणून जरा वेळ धरून राहिले, आणि पलीकडच्या मुलाकडे सरकवला. अकरावी-बारावीतला मुलगा, त्याने घेतली. मग द्राक्षरसाचे छोटे कप आले, तेही सरकवले. रिक्षात काही बोलले नाहीत. जेवले. डोळ्यात थेंब मी घालायचे, ते घालताना वर बघत म्हणाले, "तू सहा महिन्यांची होतीस. तुझ्या वतीनं मी हो म्हटलं होतं. तुला पटलं नाही, तू पाण्यात गेलीस, ठीक आहे, तुझा जीव तुझा. पण माझं भोजन कोणी काढून घेतलं? तुझ्या पाळकानं का तू?"

मी म्हटलं, "पप्पा, तो मंडळीचा नियम आहे."

"मंडळी म्हणजे कोण? तूच सांगतेस ना, बिशप नाही, सगळे सभासद ठरवतात. मग तू ठरवलंस."

यावर मला आजही उत्तर नाही. तुमच्याकडे असलं तर सांगा. मी तेव्हा म्हटलं, टिळकांसारखे लोकसुद्धा बाप्तिस्मा घेऊनच आले ना, त्यालाही किंमत होतीच ना. तर म्हणाले, "टिळकांनी काढलेल्या 'देवाचा दरबार' या मंडळाबद्दल वाच. त्यात बाप्तिस्मा न झालेल्यांनाही जागा होती." आता त्यांना टिळकांवरून हरवायला जाणं हा मूर्खपणाच होता.

सगळ्या बाप्टिस्ट मंडळ्या असं करतात असं समजू नका. कितीतरी ठिकाणी मेज सगळ्या विश्वासणाऱ्यांना खुलं असतं. इंग्लंडमधल्या बेडफर्डचा उपदेशक जॉन बनियन, बारा वर्षं तुरुंगात काढलेला, त्याने १६७० च्या दशकातच लिहून ठेवलं की पाण्यावरून मेजावर अडवू नका. आणि १९७० ला नागपुरात सीएनआय झाली तेव्हा उत्तर भारतातले बाप्टिस्ट त्यात गेले, बाळांचा बाप्तिस्मा आणि मोठ्यांचा, दोन्ही चालतील या अटीवर. ते जमवता येतं. आमच्याकडे नाही जमलेलं.

डीकन लोकांच्या बैठकीत मी एक मुद्दा मांडला होता, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. अगदी पहिला बाप्टिस्ट, जॉन स्मिथ, अ‍ॅम्स्टरडॅमला १६०९ ला. त्याने स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला, मग हेल्विसला आणि बाकीच्यांना. पाणी ओतून! बुडवून नाही. बुडवणं लंडनमध्ये तीसेक वर्षांनी आलं. म्हणजे आपल्या सूचनेप्रमाणे स्मिथ आणि हेल्विस दोघंही ट्रे सरकवणार. वर हा स्मिथ पुढे स्वतःच्याच बाप्तिस्म्याबद्दल साशंक झाला, मेनोनाइट लोकांत (बाळांना बाप्तिस्मा न देणारा दुसरा एक पंथ) जायला निघाला आणि हेल्विसने त्याच्याशी संबंध तोडले. एक डीकन म्हणाले, ताई, इतिहास वेगळा आणि वचन वेगळं. दुसरे म्हणाले, आज बाप्तिस्म्याचं सोडलं तर उद्या काय काय सोडाल. दुसऱ्यांचं मला कळतं. मी स्वतः घरच्यांशी इतकं भांडून ज्या गोष्टीसाठी पाण्यात उतरले ती गोष्ट मेजापाशी काहीच नाही म्हणायची, तर मग मी उतरले कशाला? हे म्हटलं की पप्पा म्हणतात, बघ.

मग सोडत का नाहीस, हाही प्रश्न असतोच. सोडून जाऊ कुठे? जिथे मला हातच वर करता येणार नाही तिथे? मला या लोकांबरोबर राहायचंय. माझी साक्ष यांनी ऐकली, लहान मुलीसारखी रडत होते तरी पूर्ण ऐकली.

मेज खुलं करण्याचा ठराव मी जनरल बॉडीत मांडला होता, तो पडला. थोडक्यात नाही, चांगलाच पडला. यंदा पुन्हा अजेंड्यावर आहे आणि काही तरुण पोरं माझ्या बाजूला आहेत असं वाटतंय. पप्पांना फोनवर सांगितलं, वाटलं खूश होतील.

"मतदान? प्रभूच्या मेजावर कोणी बसायचं याला तुम्ही हात वर करणार?"

मी म्हटलं, बिशपनं परस्पर ठरवण्यापेक्षा बरं. ते म्हणाले, बिशपनं मला कधी अडवलं नाही. मी म्हटलं, बिशपनं तुम्हाला कधी विचारलंही नाही. मग जे काही सुरू झालं ते आईने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला तेव्हा थांबलं.