आमची वाटचाल : एकतीस आठवडे आणि पाच दिवस

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्या दिवसांत मी दवाखान्यांना बिलाचं सॉफ्टवेअर विकत होतो. ऑफिस म्हणजे अंबाजोगाई रोडवर मेडिकलच्या वरची एक खोली, त्यात दोन संगणक आणि कोपऱ्यात पाण्याच्या घागरी. सॉफ्टवेअरपेक्षा प्रिंटर दुरुस्तीचेच फोन जास्त यायचे. असाच एका रात्री एका बालरुग्णालयातून फोन आला, आणि नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या टेबलावर मी प्रिंटर उघडून बसलो.

शेजारी एक सिस्टर बाळाचं वजन आलेखाच्या कागदावर मांडत होत्या. कागद झेरॉक्सची झेरॉक्स होता. मशीनमधून तिरका गेलेला, रेषा पुसट, एक रेषा कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते ते दिसत नव्हतं. पट्टी लावून त्यांनी टिंब दिलं आणि मला विचारलं, "भाऊ, तुमची नजर चांगली आहे, हे रेषेच्या वर आहे का खाली?" मी म्हटलं, रेषेवरच आहे. त्या म्हणाल्या, "रेषेवर म्हणून कसं चालेल? सर यावरून दूध वाढवतात."

प्रिंटर तासाभरात दुरुस्त झाला. तो कागद मात्र डोक्यातून गेला नाही. आज अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वाढीचा आलेख काढणारं सॉफ्टवेअर हा आमचा व्यवसाय आहे, आणि त्याची सुरुवात मी त्या रात्रीपासूनच धरतो.

पुढचं वर्षभर त्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ओपीडी संपल्यावर मला शिकवलं. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. पहिल्या आठवड्यात त्याचं वजन उतरतं, जन्मवजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी ते परत जन्मवजनावर येतं. त्यानंतर रोज किलोमागे पंधरा ग्रॅमच्या आसपास वाढ हवी. डोक्याचा घेर आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर वाढायला हवा. वाढ कुठल्या रेषेवर मोजायची, तर बाळ पोटात राहिलं असतं तर आज कितव्या आठवड्याचं असतं, त्या आठवड्याच्या रेषेवर. 'सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' हे आपल्याकडे अजून बोललं जातं आणि ते साफ चुकीचं आहे. दिवस भरेपर्यंत पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

आलेखांचेही प्रकार आहेत. कॅनडातल्या टॅनिस फेंटन यांचा २०१३ चा तक्ता बाविसाव्या आठवड्यापासून पन्नासाव्या आठवड्यापर्यंत जातो, मुलांचा वेगळा आणि मुलींचा वेगळा. तिथून पुढं जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा तक्ता. दुसरा 'इंटरग्रोथ-२१' हा ऑक्सफर्डमधून चाललेला अभ्यास. त्यासाठी जगातल्या आठ ठिकाणच्या बाया-बाळांची मापं घेतली आणि त्या आठांत आपलं नागपूर आहे. हे समजलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आपल्या शेजारच्या विभागातल्या बाळांची मापं जगाच्या तक्त्यात आहेत, आणि आपण मात्र तिरकी झेरॉक्स वापरतोय.

पहिली आवृत्ती २०१७ च्या दसऱ्याला सुरू झाली. जन्मतारीख, किती आठवड्यांचं, मुलगा की मुलगी आणि आजचं वजन एवढं भरलं की पडद्यावर टिंब पडायचं. सिस्टर लोकांनी त्याला 'तक्ता' नाव दिलं, तेच आजही चालू आहे. वीज गेली किंवा नेट गेलं तरी नोंद घेता यावी, ही पहिली अट होती आणि ती आम्ही कधी सोडली नाही.

त्या आवृत्तीत लाल इशारा होता. वजन उतरलं की पडदा लाल. पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाळांचं उतरतं, त्यामुळे सगळाच विभाग लाल दिसायचा. चौथ्या दिवशी सिस्टरनी तो इशारा बंद करून टाकला आणि त्यांचं बरोबर होतं. आता पहिले दोन आठवडे सोडून, सलग तीन दिवसांची सरासरी वाढ कमी पडली तरच इशारा येतो, आणि तो लाल नसतो.

मोठी चूक त्याच्या पुढची. ती मी सविस्तर सांगतो, कारण ती पूर्णपणे माझी होती.

डॉक्टर फाइलवर ३१.५ असं लिहितात. वाचणाऱ्याला ते एकतीस आठवडे पाच दिवस असंच कळतं. मी मात्र एकच चौकट ठेवली होती आणि संगणकानं ते साडेएकतीस आठवडे धरलं. ३१.६ म्हणजे एकतीस आठवडे सहा दिवस, आमच्या हिशोबात ते एकतीस आठवडे चार दिवस झाले. बाळ आहे त्यापेक्षा पावणेदोन दिवसांनी लहान धरलं गेलं. लहान धरलं की अपेक्षित वजन कमी होतं, आणि बाळ आहे त्यापेक्षा बरं दिसतं. एका मुलीचं टिंब डॉक्टरांच्या कागदावर दहाव्या रेषेच्या (त्या आठवड्याच्या शंभरातली दहाच बाळं जिच्या खाली असतात ती) खाली होतं, आमच्या पडद्यावर वर. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला म्हणून निभावलं. पाच महिने ही चूक चालू होती.

दुसऱ्या दिवसापासून आठवड्यांची चौकट वेगळी आणि दिवसांची वेगळी झाली. दिवसांच्या चौकटीत शून्य ते सहा याशिवाय दुसरा आकडा जातच नाही. मग मी आणि माझ्या बायकोनं तोवर तक्ता वापरणाऱ्या तिन्ही दवाखान्यांत बसून मूळ फाइल समोर ठेवून एकेक जुनी नोंद तपासली. ज्या बाळांचं टिंब रेषा ओलांडून इकडचं तिकडं गेलं होतं त्यांची यादी डॉक्टरांच्या हातात दिली. त्या महिन्यात नवीन काम घेतलं नाही, हप्ताही थकला. आजही नवीन मुलगा किंवा मुलगी कामावर आली की पहिल्या दिवशी मी 'एकतीस आठवडे आणि पाच दिवस' एवढंच कागदावर लिहून समोर ठेवतो आणि हे संगणकाला कसं सांगशील ते विचारतो.

यातून मला एक गोष्ट कळली आणि आमचं पुढचं सगळं काम तिच्यामागे गेलं. नुसतं वजन काहीच सांगत नाही. ते कितव्या आठवड्याचं आहे हे पक्कं झालं तरच त्याला अर्थ येतो. आणि आमच्या भागात तो आठवडा पक्का करणंच सगळ्यात अवघड आहे.

औसा तालुक्यातून आलेल्या एका बाळाच्या आजीला सिस्टरनी विचारलं, सुनेची पाळी शेवटची कधी आली होती? आजी म्हणाली, "येळवशीच्या आदी आठ दिस." नोंद करणाऱ्या मुलानं डिसेंबरचा मध्य टाकला, कारण येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण, डिसेंबरात असते हे त्याच्या डोक्यात बसलेलं. २०२२ ची येळवस २३ डिसेंबरला होतीही. पण २०२३ साली अधिक श्रावण आला, पुढचे सगळे सण लांबले आणि त्यानंतरची येळवस पडली ११ जानेवारी २०२४ ला. आठ दिवस आधी म्हणजे ३ जानेवारी. नोंद तीन आठवड्यांच्या आसपास चुकली होती. लहान चणीचं पण दिवस भरत आलेलं बाळ आणि खरोखर अपुऱ्या दिवसांचं बाळ यांत तीन आठवड्यांनी जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आजीचं काही चुकलं नव्हतं. येळवस म्हणजे शेतात कोप उभारायची, भज्जी-आंबील न्यायची, गावात माणूस राहत नाही. तो दिवस बाई विसरत नाही. इंग्रजी तारीख विसरेल. म्हणून आम्ही तारखेच्या चौकटीशेजारी सणांची यादी दिली: येळवस, संक्रांत, शिवरात्र, पाडवा, पंचमी, पोळा, घट, दिवाळी. वर्ष निवडा, सण निवडा, किती दिवस आधी किंवा नंतर ते टाका, तारीख आपोआप येते. दहा वर्षांचं पंचांग माझ्या आईनं कॅलेंडरं समोर घेऊन तपासून दिलं. आमच्या सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोगी पडलेला भाग कोणता असं विचारलं तर मी हाच सांगेन.

अर्थात आठवण ती आठवणच. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली असेल तर ती तारीख सगळ्यांत भरवशाची. तीही नसेल आणि पाळीही आठवत नसेल, तर जन्मल्यावर बाळाची त्वचा, कान, तळव्यांच्या रेषा, हातापायांचा ताण बघून डॉक्टर अंदाज करतात, त्यात दोन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात. आमच्या आलेखावर कोपऱ्यात 'तारखेचा आधार' छापलेला असतो: सोनोग्राफी, पाळी किंवा तपासणी. पुढच्या डॉक्टरला कळलं पाहिजे की या रेषेवर किती भिस्त ठेवायची.

वजनाचंही तसंच. बाराशे ग्रॅमच्या बाळाला दिवसाला अठरा ग्रॅम वाढायचं असतं. हाताला सलाइनची सुई, तिला आधाराची पुठ्ठ्याची पट्टी, वर चिकटपट्टी, हे सगळं मिळून एका दिवसाच्या वाढीपेक्षा जड भरू शकतं. सुई काढली त्या दिवशी बाळ 'उतरतं', आणि ज्या दिवशी लावली त्या दिवशी फसवं 'वाढतं'. नांदेडच्या एका सिस्टरनी ही गोष्ट फोनवर सांगितली आणि विचारलं, वजनाशेजारी 'पट्टी आहे / नाही' एवढं टिचकी मारायला देता का? दोन दिवसांत दिलं. त्याच सिस्टरनी सांगितल्यावरून १.०८ आणि १.८ यांतला गोंधळ संपवायला किलो काढून टाकले. आता वजन फक्त ग्रॅममध्ये घेतलं जातं आणि आदल्या दिवसापेक्षा फार वेगळा आकडा आला की 'परत बघा' असं येतं.

धंद्याचं थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षी तीन दवाखाने होते. बिलाच्या सॉफ्टवेअरवर घर चाललं आणि तक्त्यावर रात्री गेल्या. एका मोठ्या रुग्णालयानं दीड वर्ष पैसे दिले नाहीत, तेव्हा बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्या. त्या सोडवल्या. २०२० मध्ये करोनामुळं आईबापांना आत सोडत नव्हते, तेव्हा रोजचा आलेख आईच्या मोबाइलवर जायची सोय केली. ती अजूनही सगळ्यांना हवी असते. आज आम्ही सहा जण आहोत, त्यांतल्या दोन मुली अहमदपूर आणि निलंग्याच्या. पुण्याला गेल्या असत्या तर जास्त पगार मिळाला असता. त्या इथं राहिल्या, याची जाण मला आहे.

राहिला प्रश्न घरी गेलेल्या बाळाचा.

दवाखान्यातून बाळ अठराशे-दोन हजार ग्रॅमचं होऊन जातं आणि खरी काळजी तिथून पुढं सुरू होते. आशाताई घरी येतात, बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या भेटी देतात. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली. पण बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज भागातलं कुटुंब दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघतं. मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. बाळ कारखान्यावरच्या कोपीत, आईचा नंबर बंद, आशाताई गावात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने आमच्या पडद्यावर टिंब नाही.

म्हणून आम्ही कार्ड काढलं. हातात मावेल असं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं, मागच्या बाजूला बाळाचा आलेख आणि पुढची टिंबं पेनानं देण्यासाठी मोकळ्या चौकटी. कुठल्याही गावच्या आरोग्य केंद्रात दाखवता यावं असं.

पहिल्या कार्डावर आम्ही 'वय' म्हणून दिवस भरल्यापासूनचं वय छापलं, कारण वाढ त्यावरच बघायची असते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या एका मुलाला आजीनं सोळाव्या आठवड्यात आणलं. कार्डावर वय सहा आठवडे. आजीनं सरळ हिशोब केला होता की दीड महिन्याचं इंजेक्शन आता द्यायचं. लस मात्र जन्मतारखेवरून द्यायची असते, अपुऱ्या दिवसांच्या बाळालाही. त्याचा पहिला डोस दहा आठवडे मागं पडला होता. बाळाला काही झालं नाही. तरी ते कार्ड मी पाकिटात ठेवलंय.

आता कार्डावर दोन ओळी आहेत. वरची 'जन्मापासून – लस यावर', खालची 'दिवस भरल्यापासून – वाढ आणि बसणं-रांगणं यावर', आणि ही खालची ओळ दोन वर्षांपर्यंत बघायची. या खालच्या वयाला डॉक्टर 'करेक्टेड एज' म्हणतात, तो शब्द कुठंच नाही. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख जाड चौकटीत आहे. चौतिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ती जन्मल्यापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते, फारच लहान बाळांची त्याहून लवकर. दिवाळीच्या आधी ज्यांची ही तारीख येते त्या घरांना आमच्या मुली स्वतः फोन करतात: तपासणी करूनच निघा. फोनची वही ठेवलीय, तीत आई, बाप, आजी आणि मुकादम असे चार नंबर घेतो, त्यांना विचारून.

गेल्या हंगामात जानेवारीत रात्री नऊ वाजता मुकादमाच्या नंबरवरून व्हॉट्सअॅपला एक फोटो आला. कार्डाच्या कडेला पाचटाचा कचरा चिकटलेला, चौथ्या चौकटीत पेनानं लिहिलेलं : सव्वाचार. खाली बापाचा निरोप, "सायब, वजन केलं बगा." मी लगेच फोन लावला. वजन कुठं केलं, बाळाच्या अंगावर काय होतं, ते विचारलं. आरोग्य केंद्रात, टोपडं काढून, असं म्हणाला. मग विचारलं, काट्यावर सव्वाचारच होतं का? तिकडून बायकोला विचारल्याचा आवाज आला. "नाई सायब, चार दोनशे तीस व्हतं. मी आपलं सव्वाचार लिवलं."

मी ४,२३० भरलं. टिंब रेषेच्या वर पडलं.